यांत्रिक ताण आणि तारेतील चुंबकन-पालट

लोहचुंबकी तार ओढली किंवा पिळली की तिचे चुंबकन उलटवायला लागणारे क्षेत्र बदलते आणि उलटण्याची तऱ्हाही बदलते. एमिलिओ व्हिलारी यांनी १८६५ मध्ये नोंदवलेला हा परिणाम म्हणजे मॅग्नेटोस्ट्रिक्शनची, अर्थात चुंबकनामुळे लांबी बदलण्याची, उलट बाजू.

सगळे ठरते ते मॅग्नेटोस्ट्रिक्शन गुणांकाच्या चिन्हावर. लोहबहुल अस्फटिकी (अणूंची नियमित मांडणी नसलेल्या) तारेत तो धन असतो, म्हणजे चुंबकनाने ती लांबते. ताण दिला की चुंबकन अक्षाला धरून राहते, बी-एच वक्र (लावलेल्या क्षेत्रानुसार चुंबकन कसे बदलते याचा आलेख) चौकोनी होतो आणि तार एका झटक्यात उलटते: टोकाशी उलट डोमेन (एकाच दिशेने चुंबकित भाग) सुटते व त्याची भिंत दुसऱ्या टोकापर्यंत धावते. ही मोठी बार्कहाउझेन उडी. निकेलचा गुणांक ऋण, दशलक्षात सुमारे ३४ भाग. तिथे ताण चुंबकनाला अक्षापासून आडवे वळवतो. वक्र तिरपा पडतो, अवशिष्ट चुंबकन, म्हणजे क्षेत्र काढल्यावर उरणारे, घटते. लोखंड मात्र दोन्हीकडचे: ताणाने कमी क्षेत्रात चुंबकन वाढते, जास्त क्षेत्रात कमी होते.

ताणाची ऊर्जा म्हणजे दीड गुणिले गुणांक गुणिले ताण. ०.५ मिमी व्यासाच्या निकेल तारेला २ किलो वजन टांगले तर ताण सुमारे १०० मेगापास्कल आणि ऊर्जा सुमारे ५,१०० जूल प्रति घनमीटर होते. निकेलची स्फटिकी विषमदिशता (चुंबकनाला स्फटिकाच्या ठराविक दिशांना धरून ठेवणारी ऊर्जा) साधारण तेवढीच, म्हणून इतक्या वजनाने वक्र स्पष्ट बदलतो.

पिळलेल्या तारेत अक्षाशी ४५ अंशांवर ओढ आणि तिच्या काटकोनात दाब येतो. सुलभ दिशा, म्हणजे चुंबकन सहज वळते ती दिशा, अक्षाला समांतर न राहता मळसूत्री होते, त्यामुळे चुंबकन उलटताना तारेच्या दोन टोकांमध्येच व्होल्टेज स्पंद मिळतो. हा मॅट्युची परिणाम. विगंड तारेत, म्हणजे ०.२५ मिमीच्या व्हिकॅलॉय (लोखंड-कोबाल्ट-व्हॅनेडियम मिश्रधातू) तारेत, ताणाखाली उलटसुलट पीळ देऊन गाभा व बाह्य थर यांची कोअर्सिव्हिटी (चुंबकन उलटवायला लागणारे क्षेत्र) वेगळी केलेली असते. क्षेत्र कितीही सावकाश बदलले तरी स्पंद तीव्रच येतो, म्हणून बॅटरीशिवाय फेरे मोजणाऱ्या एन्कोडरांत (फिरण्याची नोंद करणाऱ्या संवेदकांत) ती वापरतात.

मोजणीत बहुतेक चुका तारेतच दडलेल्या असतात. ओढून काढलेल्या तारेत आधीचा ताण साचलेला असतो. निकेल सुमारे ८००° से.ला निर्वातात अनील करावे (तापवून सावकाश थंड करावे), नंतर वाकवू नये. लांबी व्यासाच्या किमान ४०० पट हवी, नाहीतर टोकांचे विचुंबकन (टोकांवरील ध्रुवांचे उलट क्षेत्र) वक्र तिरपा करते आणि ते ताणाचे काम वाटते. शोधकुंडल (चुंबकनातील बदल टिपणारे कुंडल) मधोमध ठेवावे, कारण पकडीजवळचा ताण एकसमान नसतो. पकडी पितळेच्या, म्हणजे अचुंबकी, असाव्यात. टांगलेले वजन गरगरू देऊ नये. थोडा पीळही मळसूत्री दिशा मिसळतो. पृथ्वीचे क्षेत्र दहा-वीस अँपिअर प्रति मीटरपेक्षा जास्त असते, त्यामुळे मऊ तारांसाठी ते भरपाईच्या कुंडलाने रद्द करावे लागते.