रीफ टँकचं पाणी कसं राखायचं: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रीफ टँक (म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) बसवल्यावर तुम्ही चार ते सहा आठवडे मासे न सोडता थांबलात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच पहिली क्लाउनफिशची जोडी घरी नेलीत. त्या धीराबद्दल मनापासून आभार. आता रोजची निगा सुरू होते, आणि आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: टँकमध्ये रोज ओतलं जाणारं साधं पाणी. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

टँकमधून वाफ होऊन जातं ते फक्त गोडं पाणी. मीठ मागे राहतं. एप्रिल-मे महिन्यांत पंखा लावलेल्या 200 लिटरच्या टँकमधून दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. आठवडाभर गावाला गेलात आणि कोणी पाणी भरलं नाही, तर 21 लिटर कमी होतात आणि 35 (हजार भागांत 35 भाग मीठ) असलेला खारटपणा 39 वर जातो. मासे तग धरतात, पण मऊ प्रवाळ अंग चोरून बसतात आणि कोळंबी मरते. म्हणून रोज भरायचं ते गोडं पाणी, मिठाचं नाही. काचेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरा. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावला असेल तर फारच छान, पण त्याचा फ्लोट (पातळी ओळखणारा तरंगता भाग) महिन्यातून एकदा पुसून घ्या.

हे गोडं पाणी कुठलं घ्यायचं? इथे आमचाच अनुभव सांगतो. दुकानातल्या पहिल्या टँकला आम्ही आठ महिने स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी घालत होतो. ‘आरओचंच तर आहे’ असं आम्हालाही वाटायचं. हळूहळू खडकांवर केसासारखं हिरवं शेवाळ वाढलं. काढलं की आठवड्यात पुन्हा हजर. शेवटी नळीखाली टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळलेत ते दाखवणारं यंत्र) धरला, तर आकडा 70, म्हणजे लिटरला 70 मिलिग्रॅम. पिण्याच्या प्युरिफायरमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळलेलं असतं, किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं. पिणाऱ्या माणसाला ते चांगलं, टँकला नाही. हिशेब करून पाहा: रोज तीन लिटर, वर्षाचे जवळपास 1100 लिटर, म्हणजे वर्षात 75 ग्रॅमच्या वर नको असलेला ऐवज तुम्ही स्वतःच्या हाताने टँकमध्ये ओतता. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत आकडा याहूनही वर जाऊ शकतो. त्यामुळे आरओ-डीआयचं (आरओनंतर डीआय रेझिनमधून नेऊन उरलेले क्षारही काढलेलं) शून्य टीडीएसचं पाणीच वापरा. युनिट घरी बसवा किंवा आमच्याकडून कॅन भरून न्या. मीटर एकच आकडा दाखवतो, त्यात काय काय विरघळलंय ते सांगत नाही, म्हणून ‘फक्त 15 आहे’ म्हणून सोडून देऊ नका. शून्यावरून आकडा वर सरकायला लागला की डीआय रेझिन बदला.

जुहूचं किंवा अलिबागचं समुद्राचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालणार. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने खारटपणाही उतरतो.

पाणी बदलताना मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका. उलट केलं तर मिठाजवळ दाट द्रावण होऊन कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपात बाहेर पडतं, आणि ते पुन्हा विरघळत नाही. पंप लावून काही तास फिरू द्या. मग खारटपणा (35, म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026) आणि तापमान टँकशी जुळलं की घाला. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर नाही, 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

केएच: सगळ्यांत आधी मोजायचा आकडा

केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा. प्रवाळ, शंख-शिंपले आणि खडकांवर चढणारा गुलाबी-जांभळा थर, हे सगळे त्यातूनच आपलं कवच बांधतात. समुद्रात तो साधारण 7 डीकेएच (केएच मोजायचं एकक) असतो. घरच्या टँकमध्ये 7.5 ते 9 मधला कुठलाही आकडा चालतो, पण जो ठरवाल तो टिकवा. आज 7 आणि परवा 10 यापेक्षा वर्षभर 7.5 केव्हाही चांगला.

चाचणी सोपी आहे. कुपीत टँकचं 5 मिली पाणी घ्या आणि एक-एक थेंब घालून हलवत राहा. निळा रंग पिवळा झाला की थांबा. पुष्कळ किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डीकेएच. कुपीमागे पांढरा कागद धरा, टँकच्या निळ्या दिव्याखाली रंग फसवतो. रोज एकाच वेळेला मोजा.

कमी भरला तर शुद्ध खाण्याचा सोडा आरओ पाण्यात विरघळवून घाला: 100 लिटरला 3 ग्रॅम घातला की 1 डीकेएच वाढतो. दिवसाला एकाहून जास्त वाढवू नका. केएच 2.8 ने खर्च होतो तेव्हा कॅल्शियम 20 पीपीएमने (दहा लाख भागांत 20 भाग) कमी होतं. म्हणून कॅल्शियम (400 ते 450) आठवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरतं. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा पाहा. ते 1250 ते 1350 असलं की कॅल्शियम आणि केएच एकमेकांना धरून खाली बसत नाहीत.

खर्च वाढला असेल तर चुन्याची निवळी हा जुना आणि विश्वासाचा उपाय. केएच आणि कॅल्शियम दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. लिटरभर आरओ-डीआय पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, झाकून ठेवा, आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंब-थेंब सोडा. पानाच्या टपरीवरचा चुना अजिबात नको. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा.

रात्री दारं-खिडक्या बंद करून एसी लावला की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच 7.8 पर्यंत उतरू शकतो. पीएच वाढवणाऱ्या बाटल्या विकत घेऊ नका. खिडकी थोडी उघडा.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असू द्या, प्रवाळांनाही अन्न लागतं. तांबं असलेलं माशांचं औषध मात्र या टँकमध्ये कधीच नको. आजारी माशांसाठी दुसरी टाकी ठेवा.

आणखी एक. दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आम्ही ती विकत नाही. कोणी ‘आणून देतो’ म्हणाला तरी घेऊ नका, मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही उचलून आणू नका.

शंका आली तर पाण्याचा नमुना घेऊन या. स्वच्छ बाटली टँकच्याच पाण्याने तीनदा खळबळा, काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका. बाटलीवर तारीख, वेळ आणि शेवटचं पाणी कधी बदललं ते लिहा, आणि त्याच दिवशी आणा. तुमच्यासमोरच तपासू.