एक पावसाळा काढल्यावर गिऱ्हाइकं काय सांगतात
हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम कन्सोल घेण्याआधी वाचण्यासाठी

डिचोलीतल्या आमच्या दुकानातून कन्सोल गेला की आम्ही लगेच कोणाला मत विचारत नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच खूश असतात. स्क्रीनवरचं प्लॅस्टिक काढायला जीव होत नाही, घरातली पोरं पाळी लावून बसलेली असतात. जून, जुलै, ऑगस्ट जाऊ द्यावे लागतात. चवथीचा गणपती पोचवून झाला की तेच गिऱ्हाईक चार्जर नाहीतर तक्रार घेऊन परत येतं आणि काउंटरवर कोपर टेकून बोलायला लागतं. ते बोलणं खरं. हा कागद त्यावरून केला आहे.

सगळ्यात समाधानी कोण, असं विचाराल तर पणजीला नोकरीला जाणाऱ्या एक बाई. त्यांच्याकडे निन्टेन्डो स्विच लाइट आहे, 5.5 इंची स्क्रीनचा, वजन साधारण 275 ग्रॅम. कदंब बसमध्ये बसायला जागा मिळाली की पर्समधून काढतात, उतरायची वेळ आली की वरचं बटण दाबून परत पर्समध्ये. संध्याकाळी बटण दाबलं की खेळ सकाळी थांबला होता तिथूनच सुरू. "टीव्हीवर गेम लावायचा तर घरच्यांची सिरियल बंद करावी लागते. इथे कोणाला काही सांगावं लागत नाही," असं त्या म्हणाल्या. लाइट टीव्हीला जोडता येत नाही, हे आम्ही विकताना दोनदा बजावतो. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण तो त्यांनी टीव्हीसाठी घेतलाच नव्हता.

याच्या उलट एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. विंडोजवर चालणारा, अंगात ताकद असलेला कन्सोल त्याने हट्टाने घेतला. कॉम्प्युटरवरचे मोठे गेम त्यावर चालतात, यात खोटं काही नाही. पण मोठा गेम लावला की दोनेक तासांत बॅटरी बसते, पंखा भणभणतो, आणि घाईघाईत पंधरा मिनिटं खेळावं म्हटलं तर आधी अपडेट येऊन बसतो. आता तो कन्सोल त्याच्या टेबलावर प्लगला लावलेला असतो. त्याला गेम आवडतात, पण हे तर लॅपटॉपवरही झालं असतं, असं तोच हसत सांगतो.

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधी विचारतो, खेळणार कुठे? बसमध्ये, मांडवी एक्सप्रेसमध्ये, रात्रपाळीच्या मधल्या वेळात, की घरी सोफ्यावर? किंमत, स्क्रीन, रंग नंतर. स्टीम डेक नावाच्या दुसऱ्या कन्सोलचं पहिलं मॉडेल 669 ग्रॅमचं आहे, म्हणजे लाइटच्या दुपटीहून जास्त. दुकानात दोन मिनिटं हातात धरून हे कळत नाही. झोपून खेळणाऱ्यांना बरोबर कळतं, विशेषतः डुलकी लागून तो नाकावर पडतो तेव्हा.

बॅटरीचे आकडे खोक्यावर असतात, ते दोन टोकांचे असतात. लाइटचे 3 ते 7 तास, 7 इंची ओलेड स्क्रीनच्या स्विचचे साडेचार ते 9, 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 चे 2 ते साडेसहा. मोठा गेम, पूर्ण ब्राइटनेस आणि वायफाय चालू असेल तर खालचा आकडा धरा. वरचा आकडा साध्या कोड्यांच्या गेमचा.

आपोआप चालणारा माणूस

दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त ही तक्रार: "मी हात लावला नाही तरी गेममधला माणूस डावीकडे चालत राहतो." याला ड्रिफ्ट म्हणतात. अंगठ्याखालच्या स्टिकच्या पोटात कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावर धातूची बारीक पट्टी घासत फिरते. स्टिक कुठे आहे ते मशीनला त्यावरून कळतं. वर्ष-दोन वर्षं घासून थर झिजतो, त्याची पूड तिथेच साठते, आणि स्टिक मधोमध उभी असली तरी मशीनला ती कललेली वाटते. आपल्याकडच्या धुळीत आणि ओलाव्यात हे लवकर होतं असा आमचा अनुभव. बीचवर नेलेल्या मशीनचं तर बोलायलाच नको. एका पोराच्या स्टिकखालून आम्ही चिमटीभर वाळू काढली. विचारलं तर म्हणाला, बॅगेतच होता, काढलाच नाही. बॅग वाळूत ठेवली होती.

दुकानात येण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन स्टिकचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिचा मध्य नव्याने ठरवणं, करून बघा. थोडा फरक असेल तर तेवढ्याने भागतं. स्प्रे मारून सुधारलं असं बरेच जण सांगतात. सुधारतं, पण थोडे दिवस. स्टिक बदलणं हाच उपाय. साध्या स्विचचे दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात, त्यामुळे काम सोपं. लाइटमध्ये ते अंगातच असतात, म्हणून पूर्ण मशीन उघडावं लागतं. त्याचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात. घरातल्या चपट्या पेचकसने जोर लावून डोकी गुळगुळीत करून आणू नका, मग आमचा अर्धा दिवस त्यातच जातो. चुंबकावर चालणाऱ्या, म्हणजे हॉल इफेक्टच्या स्टिक मिळतात. त्यात घासणारं काही नसतं. थोडे जास्त पैसे पडतात, पण आम्ही स्वतःच्या मशीनमध्ये त्याच घातल्या आहेत.

पावसाळ्यात ठेवायचा कसा

निन्टेन्डो कंपनी स्विचसाठी 5 ते 35 अंश तापमान आणि 80 टक्क्यांपर्यंत दमटपणा सांगते. आपल्याकडे जुलैत कपाटातला पट्टा आणि चपला पांढऱ्या होतात, तर मशीनच्या आत काय होत असेल बघा. कपाटात बंद करून ठेवलेल्या मशीनपेक्षा रोज वापरातलं मशीन पावसाळा बरा काढतं, कारण चालू असताना ते आतून गरम होतं. वापरणार नसाल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि आठवड्यातून एकदा काढून अर्धा तास चालवा. बॅटरी पूर्ण उतरवून ठेवू नका, अर्ध्यावर ठेवा. एसीच्या खोलीतून थेट ओल्या पडवीत नेलं तर चष्म्यावर येतं तसं पाणी आतही येतं. बॅगेत घालून न्या, दहा मिनिटांनी काढा.

पाण्यात पडलाच तर बंद करा, चार्जरला लावू नका, आणि तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाने ओल काही निघत नाही, पिठूळ धूळ मात्र पोर्टात जाऊन बसते. समुद्राचं पाणी असेल तर त्याच दिवशी आणा, दुसऱ्या दिवशी सर्किटवर हिरवं दिसायला लागतं.

कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये घालायचं गेमचं छोटं कार्ड, चालत नसेल तर फुंकर मारू नका, तोंडातली ओल संपर्कावर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा. स्विचच्या कार्ट्रिजवर डेनाटोनियम बेंझोएट नावाचं भयंकर कडू द्रव्य मुद्दाम लावलेलं असतं, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. साखळी गावच्या एका आईने, कार्ट्रिज तोंडात घालून मुलगा ओरडतो म्हणून घाबरून आम्हाला विचारलं होतं. आम्ही काउंटरवर एक चाटून दाखवलं. चहा पिऊनही चव गेली नाही.

बोटीवरून आलेला माल

गोव्यात घराघरांत कोणीतरी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, आहे किंवा आखातात आहे, त्यामुळे निम्मी मशीन आमच्याकडून न घेता तिकडूनच येतात. त्यात वाईट काही नाही. स्विचचा मूळ चार्जर 100 ते 240 व्होल्टचा असतो, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. पण जपानहून स्विच 2 मागवणार असाल तर मामाला आधी फोन करा. तिथे एक स्वस्त मॉडेल मिळतं, ते फक्त जपानी भाषेत आणि फक्त जपानच्या खात्यावर चालतं. भाषा बदलण्याची सोय त्यात नाही. निन्टेन्डोच्याच जुन्या 3डीएस कन्सोललाही देशाचं कुलूप होतं, स्विचच्या कार्ट्रिजला मात्र नाही. दुसरं, स्विच 2 ला गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस मेमरी कार्डच लागतं. आधीच्या स्विचचं कार्ड गेमसाठी चालणार नाही.

स्विच भारतात कंपनी स्वतः विकत नाही. आम्ही विकतो तोही आयातीचा. त्याला कंपनीची इथली वॉरंटी नाही, जी आहे ती दुकानाची, आणि ती बिलावर लिहून देतो. इथल्या गिऱ्हाइकांची मोठी तक्रार मशीनवर नसून गेमच्या किमतीवर असते. आमचा सल्ला, कार्ट्रिज घ्या. खेळून झालं की विकता येतं, शेजाऱ्याला देता येतं. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. स्विच 2 च्या काही कार्ट्रिजमध्ये मात्र गेम नसून नुसती किल्ली असते आणि गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं, बघून घ्या.

बोडगेश्वराच्या जत्रेत मिळणाऱ्या चारशे गेमवाल्या मशीनबद्दलही विचारतात. त्यात जुन्या नोकियाची बीएल-5सी बॅटरी बसते, आणि चारशेतले बरेच गेम तेच तेच नाव बदलून असतात. पाच वर्षांच्या मुलाला पुरेसं आहे. आम्हीही ठेवतो, आणि खपतं.

कपाटात सोनीचा जुना पीएसपी कन्सोल असेल आणि मागचं झाकण बसत नसेल, तर दाबून बसवू नका. बॅटरी फुगली आहे. काढून, न टोचता, वेगळी घेऊन या. नवी मिळते आणि मशीन बहुधा चांगलं असतं.

दुरुस्तीला आणताना चार्जर बरोबर आणा, कारण निम्म्या वेळा दोष चार्जरमध्येच निघतो. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. चवथीच्या आधीचे आठ दिवस दुरुस्ती बंद. तेव्हा आमच्याही घरी गणपतीवरची माटोळी बांधायची असते.