स्पर्शचित्र

स्पर्शचित्र : बोटांनी वाचता यावे म्हणून घडवलेले चित्र. रंगांनी सांगितलेली गोष्ट इथे उंची, कडा, पोत आणि मोकळी जागा यांतून सांगितली जाते. अंध आणि अल्पदृष्टी रसिक हे त्याचे मुख्य वाचक. मूळ चित्राच्या रेषा तेवढ्या उठावदार केल्या की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. फसलेली बहुतेक स्पर्शचित्रे याच समजातून निघतात. खरे तर हा एका इंद्रियाच्या भाषेतून दुसऱ्या इंद्रियाच्या भाषेत केलेला अनुवाद आहे, आणि चांगल्या अनुवादात जसे काही सोडावे लागते तसे इथेही सोडावे लागते.

डोळ्याला चित्र एकदम दिसते, तपशील मागाहून. हाताचे नेमके उलटे. बोटाच्या टोकाखाली एका वेळी नखाएवढा भाग येतो. असे तुकडे जोडत, आधीचे लक्षात ठेवत, वाचक मनात अख्खे चित्र उभारतो. त्यात बोटाची सूक्ष्मताही बेताची. फार जवळ आलेल्या दोन रेषा एकच जाड रेघ वाटतात. ब्रेल अक्षरातले ठिपके एकमेकांपासून साधारण अडीच मिलिमीटरांवर असतात, ते याच कारणाने. हाताच्या हालचालींवर सुझन लेडरमन आणि रोबर्टा क्लाट्स्की या संशोधकांनी १९८७ मध्ये मूलभूत काम प्रसिद्ध केले. पोत कळावा म्हणून हात घासतो, टणकपणा कळावा म्हणून दाबतो, उष्ण-थंड कळावे म्हणून नुसता टेकतो, वजनासाठी वस्तू तोलतो, ढोबळ आकारासाठी ती मुठीत धरतो आणि नेमक्या आकारासाठी कडेकडेने फिरतो. सपाट कागदावरच्या उठावात यांपैकी मूठ आणि तोलणे हाताला मिळतच नाही. ती उणीव भरून काढणे ही घडवणाऱ्याची जबाबदारी.

होकुसाई या चित्रकाराची ‘कानागावाजवळची मोठी लाट’ घ्या. सुमारे १८३१ चे हे जपानी लाकडी ठशाचे चित्र, आकाराने जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही पंजे फाकवून शेजारी ठेवले की बहुतेक झाकले जाईल एवढे. डावीकडून उसळलेली लाट, तिच्या तडाख्यात तीन होड्या आणि दूरवर इवलासा फुजी पर्वत. डोळा फुजीला लगेच पर्वत म्हणून ओळखतो. बोटाला मात्र ती आणखी एक लाट वाटते, कारण आकार दोन्हींचा सारखाच, टोकदार. होकुसाईने हे साम्य मुद्दाम साधले. पण ते साम्य हाताला उमगायचे, तर आधी फरक कळायला हवा. म्हणून पुढची लाट सगळ्यांत उंच, होड्या त्याहून खाली, फुजी सर्वांत उथळ, असे थर ठरवावे लागतात. पाणी गुळगुळीत ठेवून पर्वताला किंचित खरखरीत पोत देता येतो. लाटेच्या फेसाच्या नख्या मुळात शेकडो आहेत. त्या सगळ्या घेतल्या तर बोटाखाली नुसता खडबडीत चोथा उरतो. आठ-दहा निवडून नीट सुट्या कराव्यात. होड्यांतले वल्हेकरीही सगळे एकाच चित्रात कोंबू नयेत. एक होडी मोठी करून शेजारी वेगळ्या पाटीवर द्यावी. आणि हात लावण्याआधी वाचकाला सांगावे : लाट डावीकडे आहे, पर्वत मधल्या भागात खाली आहे. एवढ्या दोन वाक्यांनी चाचपडण्यातला निम्मा शीण वाचतो.

साधने अनेक आहेत. फुगणाऱ्या कागदावर काळ्या शाईने चित्र छापून तो तापवण्याच्या यंत्रातून काढला की काळा भाग तेवढा वर येतो. शाळांना हे परवडते, पण उंची सगळीकडे एकच मिळते. साच्यावर प्लास्टिकचा पत्रा तापवून हवा खेचून घेतली की एकाच साच्यातून हव्या तेवढ्या प्रती निघतात आणि उंचीचे थरही सांभाळता येतात. त्रिमितीय छपाई अलीकडची. उथळ उठावशिल्प सर्वांत कष्टाचे, आणि चित्राला सर्वांत न्याय देणारे. इटलीत बोलोन्या येथील कावाझ्झा अंधसंस्थेतले अंतेरोस संग्रहालय १९९९ पासून याच वाटेने जुन्या चित्रांची उठावशिल्पे करून घेते आणि ती कशी वाचावीत हेही शिकवते.

त्याआधी, १९९३ मध्ये, इटलीतच आंकोना शहरात ओमेरो हे स्पर्श-संग्रहालय उघडले. अल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे अंध दांपत्य प्रवासाचे शौकीन; पण जाईल तिथे शिल्पांना हात लावायला मनाई. त्या मनाईला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे हे संग्रहालय. प्रसिद्ध शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती, वास्तूंचे नमुने आणि आधुनिक शिल्पकारांच्या मूळ कृती तिथे मनसोक्त हाताळता येतात. १९९९ मध्ये कायद्याने त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला. फेलिचे तालियाफेर्री या अंध शिल्पकाराला नेपल्समधल्या ‘अवगुंठित ख्रिस्त’ या संगमरवरी शिल्पाला हात लावू दिला नाही, तेव्हा त्याने स्वतःच संगमरवरात आपला ख्रिस्त कोरला. तो मात्र सर्वांना हाताळण्यासाठी खुला आहे.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये सहा चित्रांची रंगीत उठाव-रूपे मांडली. त्यांत वेलास्केझ, गोया, एल ग्रेको यांची कामे आणि मोनालिसाची प्रादोतली प्रत होती. रंग कायम ठेवणे फार शहाणपणाचे, कारण दृष्टी अधू असलेल्या पुष्कळांना काही रंग आणि उजेड दिसतच असतो. गडद-फिकट विरोध ठळक असेल तर डोळा आणि हात मिळून चित्र वाचतात. वयाबरोबर मधुमेहाने नजर गेलेल्या काहींची बोटेही बधिर झालेली असतात. त्यांच्यासाठी मोठा आकार, ठसठशीत उंची आणि सोबत बोलके वर्णन हाच मार्ग.

भारतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे दालन सुरू झाले. बावीस वस्तूंच्या प्रतिकृती, ब्रेल पाट्या आणि श्राव्य मार्गदर्शन अशी त्याची रचना. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कला सर्वांना खुली करण्याची तरतूद आहे. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघू लागले. वाचायची सवय असलेली बोटे आपल्याकडे आहेत, त्यांना चित्रे द्यायची राहून गेली आहेत.

सुरुवात वारलीने करावी, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस, काटक्यांचे हातपाय, गोल डोके. खोली दाखवण्याचा सोस नाही, एकावर एक आकार फारसे चढत नाहीत. बोटाला हवे ते सगळे या शैलीत आयते आहे. जाड पुठ्ठा घ्यावा. त्रिकोण पॉलिशपेपरचे कापून चिकटवावेत, हातपाय मेणदोऱ्याचे, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर सुतळीच्या गुंडाळीवर बसवावा. दोन आकृत्यांमध्ये निदान अर्धा सेंटिमीटर जागा सोडावी आणि डिंक रात्रभर वाळू द्यावा, कारण चिकट पृष्ठभागावर बोट अडखळते. झाल्यावर डोळे मिटून स्वतः तपासणे पुरेसे नाही. आपल्याला चित्र आधीच ठाऊक असते. एखाद्या ब्रेल-वाचकाच्या हाती ते द्यावे आणि गप्प बसावे. बोट जिथे मागे फिरते, तिथे दुरुस्ती हवी. वाचकाचे मनगट धरून हात ओढू नये. आपला हात चित्रावर ठेवावा, म्हणजे त्याचा हात वरून हवा तेव्हा सोबत येतो आणि हवा तेव्हा सुटतो.

अंध माणूस केवळ रसिकच असतो असेही नाही. चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशी ओलांडल्यावर पूर्ण गेली, त्यानंतरही शांतिनिकेतनात ते कागद कापून, दुमडून, चिकटवून चित्रे करत राहिले. तुर्कस्तानातले एशरेफ आर्माआन जन्मांध असून बोटांनी रंग लावतात आणि दूर जाणारा रस्ता अरुंद होत जातो हेही रेखाटतात. मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये दृष्टिहीनांना छायाचित्रण शिकवायला सुरुवात केली, आणि त्या छायाचित्रांच्या प्रदर्शनांत उठावातल्या प्रतीही ठेवल्या गेल्या, म्हणजे टिपणाऱ्यालाही आपले चित्र हाताने पाहता आले.