नियम मोडणारा पत्ता

टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतात ते अ, क, ४ आणि ७. दावा असा आहे: ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.’ तो तपासायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत?

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे कोडं मांडलं. बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात. ‘अ’ बरोबर आहे, पण ‘४’ उलटून हाती काहीच लागत नाही. मागे व्यंजन निघालं तरी दावा शाबूत, कारण सम संख्येमागे स्वरच हवा असं कुणी म्हटलेलंच नाही. उलटायला हवा तो ‘७’. त्याच्यामागे स्वर निघाला की दावा कोसळला. हे ओळखणारा दहांत एखादाच निघतो.

नियम उलटा वाचण्याची ही चूक नैयायिकांना, म्हणजे भारतातल्या न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, चांगली ठाऊक होती. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, कारण जिथे धूर तिथे अग्नी. हीच व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ हा नियम, उलटी वाचून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं तर? ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर नाही. हेतू (ज्यावरून अनुमान करायचं ती खूण, इथे अग्नी) आहे पण साध्य (जे सिद्ध करायचं ते, इथे धूर) नाही, याला त्यांनी व्यभिचार म्हटलं. असा एक गोळा पुरतो.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने विधानांतले शब्द काढून तिथे अक्षरं बसवली. सर्व अ हे ब, सर्व ब हे क, म्हणून सर्व अ हे क. अ म्हणजे काय हे माहीत नसलं तरी अनुमान बिनचूक आहे हे कळतं. आणि अर्थ न समजता जे करता येतं, ते यंत्राकडूनही करून घेता येतं! तिथवर पोचायला मात्र दोन हजारांहून अधिक वर्षं गेली. १८४७ मध्ये गणिती जॉर्ज बूलने तर्काचं बीजगणित केलं, १८७९ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने ‘प्रत्येक’ला चिन्ह दिलं आणि त्याला नकार जोडून ‘एक तरी’ही मांडलं.

या इतिहासातला मला सर्वांत सुंदर वाटणारा क्षण १९३७ मधला. एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅननने एमआयटीतल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं की बूलचं बीजगणित विजेच्या स्विचना तंतोतंत लागू पडतं. दोन स्विच एकामागोमाग जोडा: दोन्ही चालू असतील तरच दिवा लागतो, हा झाला ‘आणि’. शेजारी-शेजारी जोडा: एक चालू असला तरी पुरे, हा ‘किंवा’. आजची प्रत्येक चिप याच पायावर उभी आहे.

पण चिप बरोबर आहे हे कसं ठरवायचं? १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. आतल्या एका तक्त्यातल्या काही नोंदी गळाल्या होत्या. बहुतेक भागाकार अचूक येत, म्हणून चाचण्यांत ती निसटली, कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. सगळं तपासून पाहणं शक्य नसतं. ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या, दोन संख्यांची साधी बेरीज घ्या. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपायला ५८४ वर्षं लागतील.

म्हणून प्रश्न फिरवून विचारतात: सर्किटचं उत्तर चुकेल अशी एक तरी जोडी आहे का? हा प्रश्न बूलच्या भाषेत लिहून सॅट सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रॅमला देतात. तो जोड्या एकेक करून पाहत नाही. विसंगती दिसली की तिचं कारण टिपून ठेवतो आणि त्याच कारणाने बाद होणाऱ्या असंख्य जोड्या एकदम कापतो. ‘अशी जोडी नाही’ हे त्याचं उत्तर म्हणजे सिद्धताच. जोडी निघालीच, तर अभियंता त्या दोन संख्या सर्किटमध्ये घालतो आणि कुठल्या गेटपाशी (‘आणि’, ‘किंवा’सारखी एक क्रिया करणाऱ्या भागापाशी) गणित चुकतं ते शोधायला बसतो.