यकृतातली हायडॅटिड गाठ: आधी अवस्था ठरवा, मग उपचार

पोट दुखतंय म्हणून पुण्यात सोनोग्राफी केली आणि रिपोर्टवर 'हायडॅटिड सिस्ट' असं आलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: ऑपरेशन कधी? त्याआधी विचारायचं ते हे, की गाठ कोणत्या अवस्थेत आहे?

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा जेमतेम २ ते ७ मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून हाताला, भाजीला, पाण्याला लागतात आणि आपल्या पोटात जातात. त्यातून निघालेली अळी यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ बनवते, तीच हायडॅटिड गाठ. मटण खाऊन हा आजार होत नाही. मात्र मेंढीचं गाठ असलेलं यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याला घातलं, की चक्र पुन्हा सुरू होतं. पुरंदर-बारामतीकडे कळपाबरोबर कुत्री पाळणाऱ्या कुटुंबांनी, लहानपणी मेंढरांत वावरलेल्यांनीही, डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. गाठ वर्षानुवर्षं निमूट वाढते.

निदानात सोनोग्राफीचाच शब्द मोठा. गाठीच्या अवस्थांना सीई-१ ते सीई-५ म्हणतात ('सीई' म्हणजे सिस्टिक एकायनोकॉकोसिस, या आजाराचं वैद्यकीय नाव). सीई-१ अवस्थेत पाण्याने भरलेली एकच गोल पोकळी दिसते, तिला दुहेरी भिंत असते, आणि रुग्णाला कुशीवर वळवलं की तळाला बसलेले बारीक कण उसळताना दिसतात. सीई-२ मध्ये आत पिल्लं-गाठी भरलेल्या असतात. सीई-३अ मध्ये आतलं पापुद्र्यासारखं आवरण सुटून तरंगतं. ३ब मध्ये घट्ट भागात पिल्लं-गाठी असतात. सीई-४ आणि ५ म्हणजे घट्ट झालेली, पुढे चुना साचलेली, सहसा निष्क्रिय गाठ. रक्ताची एलायझा तपासणी (या कृमीविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी) जोडीला करतात, पण ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. फुप्फुसातल्या गाठींत तर ती बऱ्याचदा चुकते.

सीई-१ किंवा ३अ गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर बहुधा अल्बेंडाझोल पुरतं. शाळेत जंतासाठी देतात ती एकच गोळी इथे कामाची नाही. रोज वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून (मोठ्यांना साधारण ४०० मिलिग्रॅम दोनदा), ३ ते ६ महिने, न थांबता. गोळी जेवणासोबतच घ्यावी आणि त्या जेवणात तेल-तूप हवं. उपाशीपोटी ती रक्तात फारच कमी उतरते. कोरडी भाकरी खाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या आणि फरक पडला नाही, तर दोष औषधाचा नसतो. यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या अधूनमधून लागतातच. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हे औषध टाळतात.

याच अवस्थांतल्या मोठ्या गाठींसाठी 'पेअर' करतात: सोनोग्राफीत पाहत, यकृताच्या जाड भागातून सुई घालून पाणी काढायचं, २० टक्के मिठाचं द्रावण सोडायचं, थोडं थांबून परत ओढून घ्यायचं. अल्बेंडाझोल किमान ४ तास आधी सुरू करून पुढे महिनाभर देतात. द्रावण सोडण्याआधी काढलेल्या पाण्यात पित्त नाही ना, हे तपासलंच पाहिजे. पित्तनलिकेशी वाट असेल तर द्रावण त्या नलिका कायमच्या खराब करतं. पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि नव्या गाठी उगवू शकतात. म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी हवं, आणि साधी पाण्याची गाठ समजून कुणीही सुई टोचू नये. फुप्फुसातल्या गाठीला पेअर करत नाहीत.

सीई-२ आणि ३ब ला मात्र सहसा शस्त्रक्रिया लागते. त्रास न देणाऱ्या ४ आणि ५ ला बहुधा काहीच करायचं नसतं, नुसती नजर ठेवायची. उपचार संपल्यावरही निदान ५ वर्षं ठरावीक अंतराने सोनोग्राफी करावी, कारण गाठ उशिराही परत डोकं वर काढते.