रंगमंदिरे आणि सांस्कृतिक उपक्रमांतील सार्वजनिक-खासगी भागीदारी (गोवा)

नाट्यगृह, कलादालन किंवा महोत्सव चालता राहावा म्हणून शासन आणि खासगी कंपनी, न्यास वा कलासंस्था यांनी खर्च, जोखीम व जबाबदारी करार करून वाटून घेण्याची व्यवस्था. वास्तूची मालकी बहुधा शासनाकडेच राहते आणि संचालन ठरावीक वर्षांसाठी दुसऱ्याकडे जाते. प्रायोजकाचा संबंध एखाद्या प्रयोगापुरता असतो. भागीदाराला मात्र वीजबिल, गळके छत आणि बिघडलेली ध्वनियंत्रणा यांचाही भार उचलावा लागतो.

गोव्यात रंगभूमीचा भार अनेकांनी मिळून उचलण्याची रीत जुनी आहे. देवस्थानाच्या उत्सवात महाजनांचा (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांचा) पुढाकार, गावाची वर्गणी आणि बाजारातल्या दुकानदारांनी स्मरणिकेला दिलेल्या जाहिराती यांवर उत्सवी नाटक उभे राहत आले. शासनाचा वाटा पुढे मोठा झाला. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली, चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली तिची पणजीतील कांपाल येथील वास्तू १९८० च्या दशकात उभी राहिली आणि नंतर मडगाव, कुडचडे, साखळी आदी ठिकाणी रवींद्र भवने, म्हणजे नाट्यगृह असलेली शासकीय सांस्कृतिक केंद्रे, झाली.

भागीदारीची ठळक उदाहरणे पणजीत दिसतात. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ मध्ये गोव्यात आला, तेव्हा जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात खासगी कंपनीने चालवलेले बहुपडदा चित्रपटगृह सुरू झाले. २०१६ पासूनचा सेरेंडिपिटी कला महोत्सव हा खासगी प्रतिष्ठानाचा उपक्रम असून त्यासाठी शहरातील सार्वजनिक वास्तूही वापरल्या जातात.

निधीचे दोन मार्ग कायद्याने खुले आहेत. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते आणि कला-संस्कृतीचे जतन त्यात बसते. केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासून देणग्या स्वीकारतो.

खरा पेच तारखांचा आहे. तियात्र हा गोव्याचा लोकप्रिय कोकणी नाट्यप्रकार तिकीटविक्रीवर लागोपाठ प्रयोग करू शकतो, त्यामुळे संचालकाला त्यातून नियमित भाडे मिळते. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या हौशी मंडळाचे तसे नसते. त्याला प्रयोगाच्या तीन तासांखेरीज नेपथ्य उभारायला, दिवे लावून जुळवायला आणि रंगीत तालमीला रंगमंच हवा असतो, आणि हे सारे तास भाड्याच्या हिशेबात तोट्याचे ठरतात. पर्यटनाच्या हंगामात तीच तारीख एखाद्या कंपनीच्या परिषदेला कितीतरी महाग देता येते. म्हणून स्थानिक मंडळांसाठी राखीव तारखा, तालमीसह भाड्याची कमाल मर्यादा आणि देखभालीची स्वतंत्र ठेव ही कलमे करारातच असणे अत्यावश्यक आहे. तोंडी आश्वासन संचालक बदलताच संपते. कला अकादमीच्या नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, तेव्हापासून देखभालीचे उत्तरदायित्व नेमके कोणाचे, हा प्रश्न गोव्यातील रंगकर्मी जाहीरपणे विचारू लागले आहेत.