पोलिसांसाठीच बनवलेली साधने, आणि ती तपासायची कोणी?

संगणकातला पुरावा गोळा करताना डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत काढायची, तिचा हॅश, म्हणजे बदल झाल्यास लगेच उघड करणारा आकड्यांचा ठसा नोंदवायचा आणि मूळ डिस्क जपायची, ही शिस्त १९९० च्या दशकात रुजली. त्यासाठीची बरीच साधने, म्हणजे प्रोग्राम, तेव्हा तपास करता करता अधिकाऱ्यांनीच रात्री जागून लिहिलेली होती. पुढे ती कंपन्यांकडे गेली आणि त्यांना दरवर्षी नूतनीकरणाचे परवाने चिकटले.

२००१ मध्ये बुडापेस्टचा सायबर गुन्ह्यांविषयीचा करार सह्यांसाठी खुला झाला आणि २००४ मध्ये अमलात आला. देशांनी एकमेकांना पुरावा द्यायचे ठरले खरे, पण देणारा आणि घेणारा अधिकारी एकाच पद्धतीने शिकलेला नसेल, तर तो पुरावा न्यायालयात टिकणार कसा? युरोपातल्या संयुक्त प्रशिक्षणामागे हीच निकड होती. पोलीस आणि विद्यापीठांनी मिळून अभ्यासक्रम लिहिले आणि ते सर्व देशांच्या पोलिसांना विनामूल्य दिले. डब्लिनच्या एका विद्यापीठाने तर फक्त पोलिसांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला. २०१० पासून आयर्लंड आणि फ्रान्समध्ये उद्योगांनाही सोबत घेणारी केंद्रे उभी राहिली.

साधनांचा विषय या वर्गांतूनच पुढे आला. सुरू असलेल्या संगणकाची मेमरी वाचणे किंवा चॅटच्या नोंदी वेगळ्या काढणे यांसारखी कामे रोजची होती, आणि त्यासाठी लागणारे महाग परवाने लहान पथकांना परवडत नव्हते. गेल्या दशकात युरोपीय निधीतून प्रोग्रामर आणि तपास अधिकारी एकत्र बसले, छोटी साधने तयार झाली आणि ती पोलिसांना फुकट मिळू लागली.

पण फक्त पोलिसांनाच. या निर्णयावर आजही एकमत नाही. साधन सर्वांना खुले केले तर गुन्हेगार त्यातून निसटण्याची वाट शोधतील, असे समर्थक म्हणतात. मेमरी वाचण्यासारख्या कामात हा युक्तिवाद मला तोकडा वाटतो, कारण तिथे लपवण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय तो त्याच वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या एका नियमाशी भांडतो. ब्रिटनच्या पोलिसांनी डिजिटल पुराव्यासाठी जी चार तत्त्वे आखली, त्यातले तिसरे सांगते की प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवावी आणि स्वतंत्र त्रयस्थाला तीच प्रक्रिया करून तोच निष्कर्ष काढता यावा. साधनच हातात नसेल, तर त्रयस्थाने काय करावे?

२०११ मधला फ्लोरिडातला एक गाजलेला खून खटला इथे आठवतो. एका प्रोग्रामच्या आधारे सरकार पक्षाने सांगितले की क्लोरोफॉर्मविषयीचे एक पान ८४ वेळा उघडले गेले होते. प्रत्यक्षात ते एकदाच उघडले होते, आणि दुसऱ्या एका साधनाने आधीच तसे दाखवले होते. चूक शोधली आणि कळवली ती प्रोग्राम बनवणाऱ्यानेच, आणि हा गृहस्थ स्वतः कॅनडाचा माजी पोलीस अधिकारी. दुसऱ्या साधनाचा ताळा उपलब्ध असूनही असे घडू शकले.

२०२० मध्ये वाद आणखी तापला. फ्रेंच आणि डच पोलिसांनी मिळून कूटबद्ध फोनच्या एका जाळ्यातले संदेश मिळवले. ते कसे मिळवले, हे फ्रान्सने संरक्षणविषयक गुपित म्हणून झाकून ठेवले. ते साधन थेट फोनमध्ये शिरणारे, म्हणजे वर्गातल्या छोट्या साधनांहून फार वेगळ्या जातीचे. प्रश्न मात्र तोच: साधन त्रयस्थाला तपासता येते का? इंग्लंड आणि जर्मनीतल्या वकिलांनी तो लावून धरला. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की आरोपीला ज्या पुराव्यावर परिणामकारकपणे बाजू मांडता येत नाही आणि जो निष्कर्षावर निर्णायक प्रभाव टाकू शकतो, तो फौजदारी न्यायालयाने बाजूला ठेवावा.

दरम्यान युरोपातल्या त्या संयुक्त प्रशिक्षणाचे मूळ जाळे २०१६ मध्ये बेल्जियममध्ये नफा न कमावणारी संस्था म्हणून नोंदले गेले. साधनांसाठी या दशकात वेगळी संघटना आली. तिची साधने युरोपातल्या पोलिसांना परवाना शुल्काशिवाय आणि सोर्स कोडसह, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरासह मिळतात. बचाव पक्ष त्या यादीत नाही.